मंगळवारी पेटीत पडणारा गठ्ठा: अमेरिकेतल्या किराणा आणि औषध दुकानांची आठवडी पत्रकं

पावकिलो

इथल्या टपालपेटीत दर आठवड्याला येणाऱ्या रंगीत गठ्ठ्याबद्दल वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने लिहिलं गेलंय. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. पत्रक कसं येतं, कसं वाचायचं, नको असेल तर काय करायचं, आणि स्वतःच्या दुकानाचं पाठवायचं तर काय, असं चारही अंगांनी लिहा. 'आमच्याकडे काय झालं' हे किस्से गप्पांच्या पानावर टाका, इथे नको.

सुरुवात करतो. हा गठ्ठा तुमच्या नावाने येत नाही. तो पोस्टमनच्या वाटेच्या नावाने येतो. गठ्ठ्याबरोबरच्या पत्त्याच्या पट्टीवर नावाच्या वरची ओळ बघा. चांदण्यांच्या रांगेत 'ईसीआरडब्ल्यूएसएस' अशी अक्षरं असतील आणि पुढे 'सी०१७' असं काहीतरी. सी म्हणजे शहरी वाट, आर म्हणजे ग्रामीण, बी म्हणजे पोस्ट ऑफिसातल्या भाड्याच्या पेट्या. १७ हा वाटेचा क्रमांक. त्या लांबलचक अक्षरांचा अर्थ इतकाच की वाटेवरच्या जवळपास सगळ्या घरांसाठी प्रती आहेत, आणि पोस्टमन ज्या क्रमाने घरं घेतो त्याच क्रमाने लावून दिल्या आहेत. पोस्टाचं टपाल वाटेनुसार लावायचं काम वाचतं, म्हणून दर उतरतो. या दरासाठी वाटेवरची किमान ९० टक्के राहती घरं, किंवा घरं-दुकानं मिळून सगळ्या चालू पत्त्यांपैकी ७५ टक्के धरावे लागतात. तेवढे नसतील तर पुढची पायरी वाटेला १२५ प्रतींची, तिचा दर थोडा चढा.

रस्त्याच्या या बाजूला एका दुकानाचं पत्रक आणि समोरच्या घरात दुसऱ्याचं, हे यातूनच होतं. दोन बाजू दोन वाटांत असू शकतात. एकाच साखळीच्या पत्रकातही भाव वेगळे दिसतात, कारण साखळी भागाभागात वेगळे भाव ठेवते आणि छपाईही भागानुसार वेगवेगळी होते. शेजारच्या झिपकोडचं (इथला पिनकोड) पत्रक आपल्या दुकानात दाखवून उपयोग नाही.

आणखी एक. पोस्टाच्या 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी'च्या सकाळच्या ईमेलमध्ये हा गठ्ठा दिसत नाही, म्हणून 'आलाच नाही' असं समजू नका. तिथे फक्त यंत्रातून गेलेल्या पत्राच्या आकाराच्या टपालाचे फोटो असतात.

साडेतीन_शहाणी

वाचायचं कसं ते मी लिहिते.

पहिल्यांदा तारखा. बऱ्याच किराणा साखळ्यांचा आठवडा बुधवार ते मंगळवार असतो. ईशान्येकडच्या काहींचा शुक्रवार ते गुरुवार. औषध दुकानांचा बहुधा रविवार ते शनिवार. पत्रक मंगळवारी हातात येतं आणि त्यातले भाव बुधवारी लागू होतात. मंगळवारी रात्रीच दुकान गाठलं की गल्ल्यावर जुने भाव लागतात आणि मग वाद होतो. चूक पत्रकाची नसते, वर कोपऱ्यात तारीख छापलेली असते.

मग पहिलं पान. तिथल्या चार-सहा वस्तूंवर दुकान फार कमावत नाही, कधी पदरचेही घालतं. तुम्हाला दारात आणण्यासाठी त्या असतात. विस्कॉन्सिनमध्ये १९३९ पासून खरेदीच्या भावाखाली विकायला बंदी आहे, तिथे पहिलं पान जरा मवाळ दिसतं ते त्यामुळे. आतल्या पानांवरच्या बऱ्याच चौकटींच्या मागे कंपन्यांनी दुकानाला दिलेले जाहिरातीचे पैसे असतात. आत मोठी चौकट आहे म्हणून भाव चांगला असेलच असं नाही. तिथे कुणीतरी पैसे भरलेत, एवढंच ती चौकट सांगते.

आता एक चौकट शेवटपर्यंत वाचून दाखवते. आकडे समजण्यापुरते. मोठ्या अक्षरात: सीरियल, १.९९. खाली: 'कार्डासह आणि डिजिटल कूपनसह'. त्याखाली: 'एकाच खरेदीत ४ घेतल्यास. कमी घेतल्यास २.९९'. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: 'मर्यादा, एका खात्याला एकदा. १०.८ ते १२ औंस, निवडक प्रकार'. म्हणजे अटी चार. सभासद कार्ड हवं, अॅपमध्ये जाऊन कूपन दाबून खात्यात घेतलेलं हवं, खोकी बरोब्बर ४ हवीत, आणि ती त्याच वजनाची हवीत. शेजारी ठेवलेलं १८ औंसांचं मोठं खोकं चौथं म्हणून उचललं की ते मोजलंच जात नाही, बाकीची तीन २.९९ ने लागतात आणि मोठं त्याच्या पूर्ण भावाने. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फडताळावरच्या भावपट्टीवरचं वजन आणि खोक्यावरचं वजन जुळवून बघा.

चौकोनी_चिमणी

'१० डॉलरला १०' असेल तर दहाच घ्यावे लागतात का? आणि 'एकावर एक' मध्ये एकच घेतलं तर?

साडेतीन_शहाणी

'मस्ट बाय' किंवा 'कमी घेतल्यास अमुक भाव' असं लिहिलं नसेल तर बहुतेक ठिकाणी एक घेतलं तरी एक डॉलरच. दहाचा आकडा टोपली भरावी म्हणून लिहितात. 'एकावर एक' चं मात्र साखळीगणिक बदलतं, कधी एकाच साखळीत राज्यागणिक. कुठे एक घेतलं की निम्मा भाव लागतो, कुठे एकाचा पूर्ण भाव लागून दुसरं फुकट. ते गल्ल्यावर एकदा विचारून ठेवायचं.

मांस आणि भाजीत पौंड की नग हे बघा. 'फॅमिली पॅक' म्हटलं की बहुधा ३ पौंडांहून मोठं पाकीट, लहान पाकिटाला तो भाव नाही. कलिंगड नगाला असेल तर सगळ्यात जड उचला, पौंडाला असेल तर हवं तेवढंच.

'५ घ्या, ५ वाचवा' मध्ये पटीचा हिशेब असतो. सात वस्तू घेतल्या तर सवलत पाचांवरच, वरच्या दोन पूर्ण भावाने. दहाव्यावर पुन्हा पूर्ण पट जुळते.

आणि दूध. पेनसिल्व्हेनियात दुधाचा किमान भाव राज्याचं मंडळ ठरवतं, त्यामुळे तिथल्या कूपनांत 'दूध वगळून' असतं. दारू आणि तंबाखूही अशाच राज्यांच्या कायद्यांमुळे वगळलेली असतात. तिथे गल्ल्यावरच्या माणसाशी हुज्जत घालून काही निघत नाही.

गोळीबंद

औषध दुकानांची पत्रकं वेगळ्या तालमीतली. तिथे भाव कमी करण्यापेक्षा पैसे परत देण्यावर भर असतो. सीव्हीएसचे एक्स्ट्राबक्स, वॉलग्रीन्सचं वॉलग्रीन्स कॅश. राइट एडची शेवटची दुकानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा देशभर पसरलेल्या मोठ्या साखळ्या आता याच दोन.

हिशेब असा करायचा. समजा शांपूच्या २ बाटल्या १४ डॉलरला आणि वर ५ डॉलर परत. आज खिशातून जातात १४ आणि वर कर. ते ५ पुढच्या खरेदीत वापरले तरच बाटली साडेचारला पडते. न वापरता मुदत गेली तर सातला. म्हणून मिळाल्याबरोबर पावतीच्या तळाशी छापलेली मुदत बघा. वापरताना बिल ५ च्या वर न्या. बिल ४.६० झालं तर उरलेले ४० सेंट परत मिळत नाहीत. औषधचिठ्ठीवरच्या औषधांना, दारूला, गिफ्ट कार्डाला ते चालत नाहीत.

'३० ची खरेदी, १० परत' मध्ये २९.७९ ला थांबलात तर काहीच नाही. ३० ची बेरीज कूपन लावण्याआधीची की नंतरची, ते प्रत्येक पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. काठावर थांबू नका, एखादी स्वस्त वस्तू वर टाका.

कर: बहुतेक राज्यांत उत्पादकाचं कूपन लावलं तरी कर मूळ भावावर लागतो, कारण दुकानाला ते पैसे कंपनीकडून मिळतात. दुकानाच्या स्वतःच्या सवलतीत कर उतरलेल्या भावावर. पावती दोनचार सेंटने का फुगली याचं उत्तर बहुधा हेच असतं.

सर्दीच्या गोळ्या सवलतीत दिसल्या तर घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन असेल तर ती फडताळावर नसते, काउंटरमागून ओळखपत्र दाखवून आणि सही करून मिळते. मर्यादा एका दिवशी ३.६ ग्रॅम, विकत घेताना ३० दिवसांत ९ ग्रॅम. 'एकावर दोन फुकट' असं छापलं असलं तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

'दुसऱ्या दुकानातून औषधचिठ्ठी इकडे हलवा आणि गिफ्ट कार्ड मिळवा' अशा चौकटीत मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा) वगळलेले असतात, कारण सरकारी पैशाच्या औषधांवर आमिष द्यायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. आईवडील इथे मेडिकेडवर असतील तर त्या चौकटीमागे धावू नका.

एफएसए-एचएसए (औषधोपचारासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायची खाती) असेल तर बिनचिठ्ठीची वेदनाशामकं, अॅलर्जीच्या गोळ्या २०२० पासून त्यातून घेता येतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पत्रकात बहुधा तशी खूण असते. वर्षअखेरीला शिल्लक संपवायची असेल तर डिसेंबरच्या पत्रकांतल्या या खुणा बघत जा.

मापात_पाप

पहिल्या पानावरची वस्तू दुकानात संपलेली असली की लोक हात हलवत परत येतात. ग्राहक सेवा काउंटरवर 'रेन चेक' मागा. ती एक चिठ्ठी असते, माल आल्यावर त्याच भावात मिळायची. किराणा दुकानांसाठी फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकांची फसवणूक रोखणारी केंद्रीय संस्था) १९७१ चा नियम आहे, १९८९ मध्ये तो सैल केला. जाहिरातीतला माल दुकानात हवा. नसेल तर दुकानाने पुरेसा माल वेळेत मागवलेला असावा, किंवा रेन चेक द्यावा, किंवा तोडीची वस्तू तेवढ्याच सवलतीत द्यावी, किंवा तेवढ्याच मोलाची दुसरी भरपाई करावी. पत्रकात 'साठा असेपर्यंत' किंवा 'निवडक दुकानांत' असं ठळक लिहिलेलं असेल तर मात्र दुकान मोकळं. हा नियम खाद्यपदार्थांच्या दुकानांपुरता आहे, औषध दुकानाच्या शांपूला तो लावू नका.

रेन चेकवर वस्तू, वजन, भाव, नग आणि मुदत या पाचही गोष्टी हाताने लिहून घ्या. नगांचा रकाना कोरा राहिला तर पुढच्या वेळी गल्ल्यावरचा माणूस एक धरतो. डिजिटल कूपनाचे भाव बहुधा रेन चेकवर मिळत नाहीत, कारण कूपनची मुदत वेगळी असते.

उंबरठा

माहिती छान. पण नको असेल तर? पोस्टमनला सांगितलं की तो टाकत नाही असं ऐकलंय.

गठ्ठेवाला

पोस्टमनला सांगून बंद होत नाही. पैसे भरलेलं टपाल पोचवणं त्याचं काम आहे. एखाद्याने टाळलंच तर तो मेहेरबानी करतोय, आणि बदली आला की पुन्हा सुरू.

आधी गठ्ठा कुठल्या जातीचा ते ओळखा, कारण प्रत्येकाला वेगळीकडे सांगावं लागतं.

पट्टीवर तुमचा पत्ता छापलाय आणि नावाच्या जागी 'रहिवासी' आहे: हा यादीवरून आलेला. यादी गठ्ठा जुळवणाऱ्या कंपनीची असते. पावकिलोंनी सांगितलेली ९० टक्क्यांची अट इथे तुमच्या पथ्यावर पडते. सगळेच्या सगळे पत्ते लागत नाहीत, म्हणून तुम्हाला गाळलं तरी कंपनीचा दर जात नाही. एकावर एक घातलेल्या अनेक दुकानांच्या गठ्ठ्यावर 'सेव्ह' हे नाव असेल (पूर्वी रेडप्लम) तर त्यांच्या संकेतस्थळावर पत्ता काढायचा अर्ज आहे. पत्ता पट्टीवर जसा आहे तसाच भरा, 'एपीटी २बी' असेल तर '#२बी' लिहू नका, यंत्र जुळवत नाही. पुढच्या काही आठवड्यांचे गठ्ठे आधीच छापून आणि लावून झालेले असतात, त्यामुळे लगेच थांबत नाही. व्हॅलपॅकचं कूपनांचं निळं पाकीट वेगळ्या कंपनीचं, त्याचा अर्ज वेगळा.

'लोकल पोस्टल कस्टमर' इतकंच छापलंय, पत्ता नाहीच: यात यादीच नसते. वाटेवरच्या प्रत्येक घराला द्यायचं या अटीवर पोस्ट ते स्वीकारतं, म्हणून तुमचं नाव काढायला जागाच नाही. हे थांबवता येत नाही.

पोर्चवर किंवा ड्राइव्हवेवर प्लॅस्टिकच्या पिशवीत: हे टपाल नव्हे. बहुधा स्थानिक वर्तमानपत्राचं असतं, वर्गणीदार नसलेल्यांना जाहिराती पोचवण्यासाठी. त्यांच्या वितरण विभागाला फोन करा.

डीएमएचॉइस या जाहिरात-टपाल थांबवायच्या संकेतस्थळावर ६ डॉलर भरून १० वर्षांसाठी नाव नोंदवता येतं. पण ते नावाने येणाऱ्या टपालासाठी. 'रहिवासी' वर त्याचा परिणाम नाही. लोक पैसे भरतात आणि मग किराण्याचा गठ्ठा तसाच येतो म्हणून चिडतात.

घर बदलल्यावर पत्ताबदलाच्या अर्जाने हा गठ्ठा मागे येत नाही, थांबतही नाही. जुन्या घरी पुढच्या भाडेकरूला मिळतो.

टोरांटोकर

कॅनडात हे सोपं आहे. पेटीवर 'जाहिराती नकोत' अशी चिठ्ठी लावा, कॅनडा पोस्ट आतून लाल ठिपका लावतं आणि बिनपत्त्याची पत्रकं बंद. मॉन्ट्रियलने २०२३ पासून त्याच्याही पुढे जाऊन उलटं केलंय, मागेल त्यालाच पत्रक. पण आँटॅरिओत पत्रक पूर्ण बंद करण्याआधी विचार करा. इथे आठवडा गुरुवार ते बुधवार, आणि नो फ्रिल्ससारख्या दुकानांत दुसऱ्याच्या पत्रकातला भाव दाखवला की तो लावतात. कागद नको असेल तर फ्लिप अॅपवर तीच पानं असतात. गल्ल्यावर पान उघडून वस्तू, वजन आणि तारीख एका पडद्यावर दिसेल असं ठेवा, मागची रांग शिव्या घालत नाही.

हळदीकुंकू

देशी किराणा दुकानाचं दिवाळीचं पत्रक आसपासच्या वस्तीत टाकायचं तर काय करावं लागतं? पेट्यांमध्ये हाताने टाकत फिरलं तर?

गठ्ठेवाला

पेटीत हाताने टाकू नका. टपाल न भरलेलं काहीही पेटीत टाकणं केंद्रीय गुन्हा आहे, पोस्टमास्तर सापडलेल्या प्रतींचं टपाल वसूल करू शकतो. दाराच्या मुठीला अडकवता येतं, पण गावाचे आणि सोसायटीचे फेरीवाल्यांबद्दलचे नियम आधी बघा. आपल्याकडे पहाटे पेपरात पत्रक घालून मिळतं, तितकं सोपं इथे नाही.

लहान दुकानाला 'एव्हरी डोअर डायरेक्ट मेल' या पोस्टाच्या योजनेचा (वाटेवरच्या प्रत्येक घरी बिनपत्त्याचं पत्रक) किरकोळ प्रकार पुरतो. परवाना लागत नाही. किमान २०० प्रती, एका झिपकोडला दिवसाला कमाल ५,०००. पोस्टाच्या संकेतस्थळावर नकाशा आहे, त्यावर दुकानाचा पत्ता टाकायचा आणि वाटा निवडायच्या. प्रत्येक वाटेवर घरं किती ते दिसतं. अर्धी वाट घेता येत नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते आकारावर. तीनपैकी एक तरी हवंच: लांबी १०.५ इंचांहून जास्त, किंवा उंची ६.१२५ इंचांहून जास्त, किंवा जाडी पाव इंचाहून जास्त. कमाल १२ × १५ इंच, पाऊण इंच जाडी, वजन ३.३ औंस म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. छापखान्यात तयार मिळणारं ६ × ९ चं कार्ड यात बसत नाही, ६.२५ × ९ चं बसतं. ८.५ × ११ चं बसतं, पण मधोमध घडी घालून ५.५ × ८.५ केलं की बाद. किमान जाडी ०.००७ इंच, त्यामुळे १०० पौंडी टेक्स्ट कागदाचं एकेरी पान पातळ पडतं. ११ × १७ चा तोच कागद घडी घालून चारपानी केला की चालतो, वजन साधारण १८ ग्रॅमच भरतं. देशी दुकानाला चार पानं लागतातच: पीठ-तांदूळ एका पानावर, डाळी-मसाले दुसऱ्यावर, फराळाचं साहित्य, पणत्या आणि मिठाई उरलेल्यांवर.

पत्त्याच्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात 'लोकल पोस्टल कस्टमर' आणि टपाल भरल्याची ठरलेली चौकट छापून घ्या. नमुना संकेतस्थळावर आहे. ती चौकट खालच्या अर्ध्यात गेली तर सगळी छपाई वाया जाऊ शकते, म्हणून छपाईआधीची नमुना-प्रत घेऊन आधी काउंटरवर दाखवा.

गड्ड्या ५० ते १०० च्या, प्रत्येकीवर वाटेची चिठ्ठी. समजा वाटेवर ६१२ घरं आहेत. शंभराच्या सहा आणि वर बाराची एक असं करू नका, शंभराच्या पाच आणि छपन्नच्या दोन करा. ३५८७ क्रमांकाचा अर्ज आणि पैसे घेऊन त्या झिपकोडला टपाल वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसातच जायचं. दोन झिपकोड असतील तर दोन पोस्ट ऑफिसं, घराजवळचं चालत नाही.

तारखेची हमी पोस्ट देत नाही, बहुधा दोन-चार दिवसांत वाटून होतं. सवलत सुरू होण्याची तारीख काउंटरवर दिल्यापासून आठवडाभर पुढची छापा. सम वर्षात ऑक्टोबरभर निवडणुकीच्या पत्रकांनी पोस्ट तुंबलेलं असतं. २०२६ मध्ये ३ नोव्हेंबरला मतदान आणि ८ ला लक्ष्मीपूजन, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या अंगावर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काउंटरवर पोचेल असा छापखान्याचा वार धरा.

हळदीकुंकू

धन्यवाद! वाटेची चिठ्ठी गड्डीला चिकटवायची का?

गठ्ठेवाला

नाही. वरच्या प्रतीवर ठेवायची आणि रबरबँड तिच्यावरून घ्यायचा, एक लांबीत आणि एक रुंदीत. चिकटवली तर वरची प्रत फाटते आणि त्या वाटेवरच्या पहिल्या घराला फाटकं पत्रक जातं.